उपखंडाची चूल

टेबलावर कापड अंथरलेलं दिसलं की बाईंचा हात शिवशिवायचा. स्टाफरूम असो, कुणाच्या मुलीचं रिसेप्शन असो, बाई उजवा तळवा कापडावर ठेवायच्या आणि हळूहळू पुढे ढकलायच्या. कापडाला घड्या पडायच्या, घड्या उंच व्हायच्या, एखादा चमचा कलंडायचा, आणि बाई समाधानाने म्हणायच्या, "हा बघा हिमालय. आणि हात अजून सरकतोय बरं का."

एका रिसेप्शनला तर रसमलाईची वाटी हिमालयावरून घसरून थेट नवऱ्या मुलाच्या काकांच्या मांडीवर गेली. बाईंनी माफी मागितली, पण चेहऱ्यावर माफी नव्हती. "भूकंप असाच होतो," असं त्या मला घरी परतताना म्हणाल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ज्यांचा विषय त्यांच्या अंगात मुरलेला असतो आणि घामाबरोबर बाहेर येतो. बाईंचा विषय भूगोल. आमच्या ठाकुर्लीच्या शाळेत आम्ही शिक्षक एकमेकांना विषयाच्या नावाने हाक मारायचो. त्या 'भूगोल', मी 'मराठी'. गणित नेहमी रागावलेलं असायचं आणि इतिहासाला काही म्हणजे काही आठवायचं नाही. पण भूगोल आणि मराठी यांचं सूत जमलं. आमचे वर्ग शेजारी होते आणि मधली भिंत पातळ होती.

त्या पातळ भिंतीतून मी उपखंड शिकले. शाळेत शिकत असताना मी तो शब्द पाठ करून सोडून दिला होता. बाईंच्या वर्गात मात्र त्या धड्याला दरवर्षी भांडण व्हायचंच. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, युरोप आशियाला चिकटलेलाच आहे ना? मधे समुद्र पण नाही. मग तो खंड आणि आपण उपखंड, हे काय?"

बाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी फळ्याशी खडू ठेवून दिला आणि खुर्चीवर बसल्या. "नावं ठेवणारे राहत कुठे होते ते बघ, म्हणजे कळेल तुला."

वर्ग हसला. मग त्यांनी नीट सांगितलं. खंड म्हणजे जमिनीचा प्रचंड मोठा तुकडा. बहुतेकांच्या भोवती समुद्र असतो, पण सगळ्यांच्या नाही. उपखंड म्हणजे त्या मोठ्या तुकड्याला जोडलेलाच भाग. पण डोंगरांनी आणि समुद्रांनी तो असा बाजूला पडलेला असतो की त्याच्या नद्या, त्याची पिकं, त्याचा पाऊस, सगळं त्याचं स्वतःचं. किती मोठा असला की खंड आणि किती लहान असला की उपखंड, याची पट्टी कुणी बनवलेली नाही.

"एवढंच लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "चिकटून आहे, पण पाऊस आपला."

"मग पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश?"

"तेही त्यातच. पासपोर्ट वेगळे, ढग तेच."

"आणखी कुठे आहेत उपखंड?"

"अरबस्तानाला म्हणतात काही जण. पण नुसतं 'उपखंड' म्हटलं की जग आपल्याकडेच बघतं."

बाईंच्या टेबलावर दोन वाट्या असायच्या. एकीत पांढरं जाडं मीठ, दुसरीत सैंधवाचा गुलाबी खडा. पांढरं मीठ कोपरीच्या खाडीवरचं. बाई तिथल्याच. त्यांचे वडील मिठागरात राबायचे. लहानपणी बाई बांधांवरून त्यांचा डबा घेऊन जायच्या. बांधाच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मीठ चमकत पडलेलं. आता तिथे मिठागर राहिलेलं नाही, बाईंनी जपून ठेवलेली ती शेवटची ओंजळ. "हे समुद्राचं मीठ," त्या मुलांना सांगायच्या, "आणि हा खडासुद्धा समुद्राचाच. फक्त हा समुद्र फार जुना, आणि आता डोंगरात जाऊन बसलाय." मुलं खरंखोटं करायला खडा चाटून बघायची. दरवर्षी सैंधवाचा खडा थोडा लहान व्हायचा.

दुपारच्या शेवटच्या तासाला मात्र बाई वेगळंच काही करायच्या. माझा तो तास मोकळा असायचा, म्हणून मी त्यांच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. बाई पंखा हळू करायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मिटा."

सगळा वर्ग डोळे मिटायचा. बाहेर रेल्वे क्वार्टर्सच्या झाडांवर पोपट ओरडत असायचे.

"आपण खूप खाली आहोत. दक्षिणेला. आफ्रिका शेजारी आहे, अंटार्क्टिका शेजारी आहे. कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. आता सुटलो. हळू. बाक हलतोय असं वाटतं का? हलतोय. चारी बाजूंनी पाणी. माणूस नाही, शाळा नाही, तुमचा गृहपाठ नाही. नुसती जमीन चालली आहे उत्तरेला."

मला शपथेवर विचाराल, तर मी दाराची चौकट धरून उभी असायचे. पायाखालची फरशी सरकते आहे असं खरोखर वाटायचं. एखादा मुलगा चक्क झोपायचा. बाई त्याला उठवायच्या नाहीत. "असू दे," त्या कुजबुजायच्या, "तो आपल्या आधी पोचेल."

मग ती जमीन आशियाला जाऊन भिडायची, मधला समुद्र चेपला जायचा, त्याच्या तळाचा चिखल शंखशिंपल्यांसकट आभाळात चढायचा. तास संपल्याची घंटा व्हायची. मुलं डोळे उघडायची आणि जराशी परक्यासारखी एकमेकांकडे बघायची. "अजून सरकतोय बरं का," बाई दारातून ओरडायच्या, "नखं वाढतात ना, तेवढ्या बेतानं!" मुलं आपापली नखं बघत घरी जायची.

अशा या बाईंना घरी एक ओटा हवा होता. स्वयंपाकाचा ओटा, साधा. ही गोष्ट मला कळली खडवलीला.

परीक्षा संपल्यावर आम्ही मुलांना घेऊन खडवलीच्या नदीवर गेलो होतो. मुलं काठच्या वाळूत उपखंड बनवत होती. श्रीलंकेसाठी वडापाव ठेवावा की लाडू, यावर त्यांची मारामारी चालली होती. बाई आणि मी पाण्यात पाय सोडून खडकावर बसलो होतो. दुपार होती, पाणी गुडघ्याइतकंही नव्हतं. पाण्यात आमचे पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे दिसत होते.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. कोपरीत धाकट्या भावाच्या कुटुंबात त्या राहायच्या. भावाने जुनं घर पाडून तिथे इमारत उभी करायचं ठरवलं होतं. वरचा मजला घरच्यांसाठी, आणि त्यात खाडीकडे खिडकी असलेली खोली ताईसाठी. भाऊ चांगला होता. खोलीही चांगली होती.

"आई गेली तेव्हा मी सहावीत होते," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून चूल माझ्याकडे. जे असेल ते रांधायचं. भावाला मीच भरवलं. मग वहिनी आली. गुणाची बाई. तिनं माझ्या हातातला डाव अगदी मायेनं काढून घेतला. म्हणाली, ताई, तुम्ही आता आराम करा." बाई हसल्या. "तेव्हापासून मी आराम करते आहे."

त्यांनी पायाने पाणी ढवळलं.

"आधी जे असेल ते करायचं, मग जे होईल ते खायचं. आज काय करायचं, हे मला जन्मात कुणी विचारलं नाही हो, मराठी. मला एकदा ते स्वतःला विचारून बघायचं आहे. एक ओटा हवा. बाकी सगळं तिथंच, त्यांच्यातच."

"मग सांगा की भावाला."

"आमच्यात चूल वेगळी झाली म्हणजे भांडण झालं. गावात दुसरा अर्थच नाही त्याला. एकतर एका चुलीवर, नाहीतर तोंड बघणं बंद. मधलं काही नाहीच."

मला राग आला. बाईंच्या भावाचा नाही, बाईंचाच. "तुम्ही वर्षानुवर्षं मुलांना मधलंच तर शिकवताय," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पाण्यातल्या पायांकडे पाहिलं.  "मराठी," त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी कधी कामाचं बोलता."

त्यानंतर त्यांनी मला कोपरीला जेवायला बोलावलं. मी साक्षीदार म्हणून गेले होते, हे मला जेवण झाल्यावर समजलं. तांदळाची भाकरी होती, कोलंबीचं कालवण होतं. वहिनी आग्रह करकरून वाढत होत्या. जेवण झालं, टेबल पुसलं, आणि भावाने कौतुकाने इमारतीचा नकाशा पसरला. "ह्यो हॉल, मॅडम. ह्यी पोरांची खोली. आन ह्यी आमचे तायची. खिरकी खाडीला."

बाईंनी सवयीने टेबलावर तळवा ठेवला आणि ढकलला. काहीच झालं नाही. वहिनींनी टेबलाला प्लॅस्टिक लावलं होतं, चिकटून बसलेलं. बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी तोच तळवा नकाशावर ठेवला, स्वतःच्या खोलीवर, आणि हॉलच्या दिशेने जोरात सरकवला. कागद करकरला. हॉल आणि खोली यांच्या मधोमध एक उंच घडी उभी राहिली.

"गो ताय! नकाशा चुरगळला ना!"

"हिथं दार पायजे," बाई म्हणाल्या. शाळेत शुद्ध बोलणाऱ्या बाई घरी कोपरीच्या बोलीत बोलायच्या, हे मी प्रथमच ऐकत होते. "आन हिथं, माझे खोलीन, वटा."

भाऊ आधी हसले. मग त्यांना कळलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "चूल येगली करतंस? आपला काय भांडान झालाय का?"

"भांडान नाय रं."

"मंग? हिनं काय बोललं का तुना?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "गावान लोका काय बोलतीन? ज्या बहिनीनं भरवला, तिला भावानं येगली काढली. मना तोंड दाखवाला जागा नाय रहाची."

बाई उपखंड समजावू लागल्या. चिकटून आहे, पण पाऊस आपला, वगैरे. भाऊ ऐकत नव्हते. त्यांनी नकाशा गुंडाळला आणि ते खाली निघून गेले. इतका मोठा माणूस, गावात वजन असलेला, आणि जिन्यावरून त्याच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. मला घरी जावंसं वाटत होतं आणि निघणंही बरं दिसत नव्हतं.

मग बहीणभावाचं बोलणं बंद झालं. एकाच टेबलावर जेवायचे, मीठ हवं असलं तरी वहिनींच्या मार्फत मागायचे. शाळेत बाई कुठल्याच कापडाला हात लावेनात. स्टाफरूमच्या टेबलावरचं कापड इस्त्री केल्यासारखं सरळ पडून असायचं.  "मागायला नको होतं," बाई एकदा म्हणाल्या. "ओट्यापायी भाऊ गेला माझा." त्या निवृत्त व्हायला आल्या होत्या. पुढे दिवसभर त्याच घरात, त्याच अबोल टेबलाशी बसायचं होतं.

आणि एका दुपारी भाऊ स्वतः शाळेत आले. बाई डबा विसरल्या होत्या. वहिनींनी तो त्यांच्या हाती देऊन मुद्दाम पाठवलं होतं, असं मला वाटतं. शिपायाने त्यांना वर्गाकडे पाठवलं. शेवटचा तास चालू होता. मी नेहमीसारखी दाराशी उभी होते. ते येऊन माझ्या बाजूला थांबले, डबा छातीशी धरून.

आत सगळ्यांचे डोळे मिटलेले. बाईंचेही.

"पोचलो आपण," बाई सांगत होत्या. "भिडलो. डोंगर उभा राहिला. आता कुणाला वाटेल, हा डोंगर कशाला मधे? काढून टाकू या. काढा बरं मनातल्या मनात. काय झालं? उत्तरेचा गार वारा थेट आत आला. आणि समुद्रावरून आलेले आपले ढग थांबलेच नाहीत, निघून गेले पुढे. पाऊस कमी झाला. तो डोंगर आहे म्हणून ढग अडतात. तो आहे म्हणून इथे भात पिकतो."

"मॅडम," भाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "ही काय सांगते पोरांना?"

"तुमच्या घराचं सांगतायत," मी म्हटलं.

"आणि डोंगर असला म्हणून येणं-जाणं थांबत नाही," आत बाई म्हणत होत्या. "डोंगराला खिंडी असतात. माणसं आली, घोडे आले, अक्रोड आले, किती भाषा आल्या. सगळं खिंडीतून."

भाऊंनी बाईंकडे बघून घेतलं. डोळे मिटून खुर्चीत बसलेली बहीण त्यांनी अशी कधी पाहिली नसावी. मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि ते तिला न भेटताच गेले. मी बाईंना डबा दिला, कोणी आणला तेही सांगितलं.  तो त्यांनी स्टाफरूममध्ये एकटीने खाल्ला, कुणालाही एक घास न देता.

इमारत झाली. वास्तुशांतीच्या दिवशी भावाने बाईंचा हात धरला आणि सगळ्या पाहुण्यांमधून त्यांना खोलीत नेलं. मागोमाग मी. खिडकीखाली काळ्या दगडाचा छोटा ओटा होता, वर नवीन शेगडी. खोली आणि हॉल यांच्यामधे दार होतं. बाईंनी ओट्यावरून हात फिरवला. मग दाराकडे वळल्या, वर बघितलं, खाली बघितलं.

"कडी कुठं हाय?"

"नाय लावली," भाऊ म्हणाले. "तुझे अंगाला नाय, माझे अंगाला नाय. खिंडीला कडी असते का गो?"

बाई तिथेच, सगळ्यांसमोर, रडल्या. पाहुण्यांना वाटलं नव्या घराचा आनंद. तो होताच.

त्या दाराला घरात सगळे खिंड म्हणू लागले. निवृत्तीनंतर बाईंचा मला सकाळी फोन यायचा. "मराठी, आज मुगाची खिचडी ठरली." "आज वांगं भाजलंय." एकदा म्हणाल्या, "आज काहीच करायचं नाही असं ठरलं. नुसती ओट्याशी उभी आहे." त्या आवाजात जे सुख असायचं ते मी दुसरीकडे फारसं ऐकलेलं नाही. रात्रीचं जेवण त्या हॉलमध्ये सगळ्यांबरोबरच घेत. आणि रोज सकाळी भाऊ आंघोळ करून खिंडीत येऊन उभे राहत, उंबरा न ओलांडता, आणि विचारत, "ताय, आज काय करतंस?"

हे त्यांना कुणी सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. मी तर नव्हतं सांगितलं. फोन चालू असला की भावाचा प्रश्न मला ऐकू यावा म्हणून बाई मधेच बोलणं थांबवायच्या. उत्तर तयार असलं तरी त्या लगेच द्यायच्या नाहीत. विचार करायच्या, खिडकीबाहेर बघायच्या, भावाला ताटकळत ठेवायच्या. मग सांगायच्या.

गेल्या थंडीत बाई गेल्या. दुपारच्या जेवणानंतर पडल्या, त्या उठल्या नाहीत. उशाशी सैंधवाचा खडा होता, बोराएवढा राहिलेला.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी मी कोपरीला गेले. वहिनींनी मला हॉलमध्ये बसवलं. त्या थकलेल्या दिसत होत्या. "ताईंच्या खोलीत जाल ना?" त्या म्हणाल्या. "फक्त टेबलावरचं कापड सरळ करू नका. मी केलं की यांना चालत नाही. रोज जाऊन परत ढकलून येतात."

तेवढ्यात भाऊ आंघोळ करून बाहेर आले. मला बघून त्यांनी मान हलवली आणि खिंडीचं दार लोटलं. ओटा लख्ख पुसलेला होता. खिडकीतून खाडीवरचा उजेड आत येत होता. टेबलावरच्या सुती कापडाला मधोमध उंच घडी पडली होती. भाऊ उंबऱ्याशी थांबले, रोजच्यासारखे.

"ताय," ते म्हणाले, "आज काय करतंस?"

मग त्यांना मी मागे आहे हे आठवलं. ते वळले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले.  मी जरा वेळ जाऊ दिला, बाई जेवढा घ्यायच्या तेवढा.

"चहा टाक म्हणतायत," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, आत गेले आणि शेगडी पेटवली.